अश्मंतातला एक ठिपका: आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज प्रकल्पाची पहिली बैठक झाली. अकरावी-बारावीचे पाच विद्यार्थी आणि मी, असे आम्ही सहा जण आहोत, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनापर्यंत काम पुरे करून तक्ते मांडायचे आहेत. विषय ठरवण्यात फार वेळ गेला नाही. जेम्स वेब दुर्बिणीची चित्रे मुलांच्या मोबाइलमध्ये आधीपासूनच होती आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता: हबल दुर्बीण १९९० पासून इतकी देखणी चित्रे पाठवत असताना, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणारी एवढी मोठी दुर्बीण वेगळी पाठवण्याची गरज का पडली? हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर जसाच्या तसा लिहून घेतला.

उत्तर वाचून नव्हे तर पडताळून मिळवायचे, असे ठरले. त्यासाठी आकाशाचा एकच तुकडा दोन्ही दुर्बिणींतून पाहायचा. फोरनॅक्स, म्हणजे अश्मंत तारकासमूहातील तुकडा निवडला, कारण सप्टेंबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात हबलने याच दिशेला सुमारे दहा लाख सेकंद टक लावून आपले अतिखोल चित्र घेतले आणि त्यात सुमारे १०,००० दीर्घिका (गॅलक्सी) दिसल्या. वेबनेही हाच भाग आणि त्याचा परिसर पुन्हा तपशिलाने टिपला आहे. दोन्ही दुर्बिणींची मूळ निरीक्षणे सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत, ही गोष्ट मुलांना आज पहिल्यांदाच समजली आणि त्यांचा त्यावर पटकन विश्वास बसेना.

२१ नोव्हेंबर

अंधाऱ्या प्रयोगशाळेत टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले. डोळ्यांना काहीच दिसले नाही, पडद्यावर मात्र फिकट जांभळा ठिपका लुकलुकला. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्याला दिसू शकतो, एवढेच दाखवायचे होते. पाच मोबाइलपैकी एकात ठिपका दिसला नाही, कारण त्यात अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर चांगला असावा.

२७ नोव्हेंबर

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली केलेला प्रयोग आज गच्चीवर करून पाहिला. खोक्याच्या कडेला काचेचा लोलक बसवला, आत पांढऱ्या कागदावर वर्णपट पाडला, तीन तापमाप्यांचे फुगे काजळीने काळे केले आणि ते अनुक्रमे निळ्या पट्ट्यात, तांबड्या पट्ट्यात आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना कागद कोरा दिसत होता तिथे ठेवले. पहिल्या खेपेला वाऱ्याने आकडे स्थिर होईनात, म्हणून खोके पाण्याच्या टाकीच्या आडोशाला हलवले. दुसऱ्या खेपेला सावलीत २९ अंश असताना निळ्यात ३०, तांबड्यात साडेएकतीस आणि कोऱ्या जागेत ३३ अंश सेल्सिअस तापमान आले.

कोऱ्या जागेतला पारा सर्वांत वर चढताना पाहणे हा वेगळाच अनुभव होता. तापमापी चुकीची तर नाही ना, या शंकेने मुलांनी तापमाप्यांची अदलाबदल करून वाचन पुन्हा घेतले. तरीही क्रम तोच राहिला. एक खुलासा मात्र वहीत आवर्जून लिहून ठेवला. यावरून सूर्य अवरक्त प्रकाशातच सर्वाधिक तळपतो, असा निष्कर्ष काढता येत नाही. काचेचा लोलक तांबड्याच्या बाजूच्या तरंगलांबी दाटीवाटीने जवळ आणतो, त्यामुळे तेवढ्याच रुंदीच्या जागेत तिथे अधिक ऊर्जा गोळा होते. तिथे प्रकाश आहे, हे प्रयोगाने सिद्ध होते. किती आहे, हे ठरवायला वेगळे मोजमाप लागते.

५ डिसेंबर

आजचा दिवस आकडेमोडीचा होता, आणि माझ्या मते प्रकल्पाचा पाया आजच घातला गेला.

प्रकाश आपल्यापर्यंत येत असताना मधले अवकाश प्रसरण पावते आणि त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाते. या ताणाला ताम्रसृती म्हणतात. ताम्रसृती १ असेल तर तरंगलांबी दुप्पट होते, २ असेल तर तिप्पट. हायड्रोजनची ठळक तांबडी रेषा प्रयोगशाळेत ६५६ नॅनोमीटरवर असते. ताम्रसृती १ असलेल्या दीर्घिकेची तीच रेषा १,३१३ नॅनोमीटरवर, म्हणजे थेट अवरक्तात सापडते. दूरच्या दीर्घिकेकडून निघालेला दृश्य प्रकाश आपल्याकडे दृश्य म्हणून पोहोचतच नाही. मग आपण दृश्य प्रकाशात पाहतो तेव्हा तिचे काय पाहतो? ताम्रसृती २ धरून मुलांनी गणित केले: हबलच्या ६०६ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून येणारा प्रकाश मुळात २०२ नॅनोमीटरचा, अतिनील आहे. तो मुख्यतः नुकत्याच जन्मलेल्या तप्त ताऱ्यांचा असतो. दीर्घिकेचा सगळा जुना, शांत संसार त्या चित्राबाहेर राहतो.

दुसरा मुद्दा थंडीचा. वीनच्या नियमानुसार २,८९८ ला केल्विनमधील (म्हणजे सेल्सिअस अधिक २७३) तापमानाने भागले की वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक उत्सर्जन करते ते मायक्रॉनमध्ये (एक मायक्रॉन म्हणजे १,००० नॅनोमीटर) मिळते. सोलापुरातल्या मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी भिंत ९.२ मायक्रॉनला तळपत असते. हबलचा आरसा सुमारे २१ अंश सेल्सिअसला राखलेला असतो, म्हणजे तोही १० मायक्रॉनच्या आसपास स्वतःच उजळलेला असतो आणि त्या उजेडाचा काठ त्याहून आखूड तरंगलांबींपर्यंत पसरतो. अशा आरशाने खोल अवरक्त पाहणे म्हणजे भट्टीत बसून दूरच्या पणतीची ऊब हाताला लागते का, हे अजमावण्यासारखे आहे. म्हणून हबलचा अवरक्त कॅमेरा १.७ मायक्रॉनपाशी थांबतो. वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी सूर्यछत्रीच्या सावलीत आहे. तिचा आरसा सुमारे ४० ते ५० केल्विनला असतो, आणि २८ मायक्रॉनपर्यंत पाहणारे उपकरण तर ७ केल्विनच्याही खाली थंड ठेवावे लागते.

तिसरा मुद्दा आरशाच्या आकाराचा. तरंगलांबी वाढली की चित्र धूसर होते आणि ते सावरायला आरसा मोठा लागतो. अर्ध्या मायक्रॉनला २.४ मीटरचा हबल ०.०५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतका बारकावा दाखवतो. २००३ साली गेलेल्या स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीचा आरसा ८५ सेंटिमीटरचा होता, ३.६ मायक्रॉनला तिचा बारकावा एका विकलेच्या पुढे जात नव्हता, म्हणजे दूरच्या दोन-तीन दीर्घिका तिला एकच डाग म्हणून दिसत. वेबचा ६.५ मीटरचा आरसा २ मायक्रॉनला ०.०८ विकलेपर्यंत पोहोचतो. सोन्याचा मुलामा दिलेले अठरा षट्कोनी तुकडे कशासाठी, हे मुलांना आज आकड्यांतून उमगले.

१३ डिसेंबर

पूर्ण चित्रांच्या फाइली आमच्या संगणकाला झेपणाऱ्या नाहीत, म्हणून संग्रहातून लहान तुकडे उतरवून घेतले. प्रत्येक फिल्टरची फाइल वेगळी असते आणि ती कृष्णधवल असते. खरे तर ते चित्र नसून आकड्यांचा तक्ता असतो. प्रत्येक चित्रबिंदूवर किती प्रकाश पडला, तेवढेच त्यात नोंदवलेले असते.

आज एक चूक झाली आणि ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. दोन विद्यार्थ्यांनी हबलची एफ४३५डब्ल्यू आणि वेबची एफ४४४डब्ल्यू या फाइली शेजारी लावल्या आणि तास-दीड तास दोन्हींतल्या फरकाचे कोडे सोडवत बसले. नावे पाहता हे फिल्टर एकमेकांच्या शेजारचे वाटतात. प्रत्यक्षात हबलच्या दृश्य कॅमेऱ्यात तो आकडा नॅनोमीटरमध्ये असतो, तर वेबच्या फिल्टरमध्ये मायक्रॉनच्या शतांशात. म्हणजे पहिला फिल्टर ०.४३५ मायक्रॉनचा, निळा आहे आणि दुसरा ४.४४ मायक्रॉनचा, खोल अवरक्तातला. दोहोंत दहापट अंतर आहे. भर म्हणजे हबलच्याच अवरक्त कॅमेऱ्याचा एफ१६०डब्ल्यू हा १.६ मायक्रॉनचा आहे. आता सर्व फिल्टर चढत्या तरंगलांबीने मांडलेली एक लांब पट्टी भिंतीवर लावली आहे आणि कोणतीही फाइल उघडण्यापूर्वी त्या पट्टीवर बोट ठेवायचे, असा नियम केला आहे.

त्या दीड तासातून एक चांगली गोष्टही हाती आली. दोन्ही चौकटींत तीक्ष्ण किरण फुटलेले काही ठिपके होते. हबलच्या चित्रात त्यांना चार किरण होते, वेबच्या चित्रात सहा ठळक आणि दोन बारीक. हे आपल्याच आकाशगंगेतले तारे. किरण ताऱ्याचे नसून आरशाच्या कडांनी आणि समोरच्या टेकूंनी घडवलेले असतात. त्यामुळे कोणते चित्र कोणत्या दुर्बिणीचे, हे मुले आता नाव न वाचता सांगतात.

३० डिसेंबर

अमावास्या साधून सोलापूरजवळच्या नान्नजच्या पलीकडे एका विद्यार्थ्याच्या मामांच्या शेतावर गेलो. आम्ही संगणकावर जो तुकडा न्याहाळतो आहोत तो आकाशात नेमका कुठे आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा मुलांचाच आग्रह होता. मामांनी आधी हुरडा भाजला आणि तो खाऊन होईपर्यंत कुणालाही आभाळाकडे पाहू दिले नाही.

उजेड असताना एक मोजमाप उरकून घेतले. हबलच्या अतिखोल चित्राची रुंदी पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे तीन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे. घरून आणलेल्या मालदांडी ज्वारीच्या दाण्यांतला एक दाणा मोजला. तो जवळपास चार मिलिमीटरचा भरला. चार मिलिमीटरची वस्तू तीन कलांएवढी दिसायला ती साडेचार मीटरवर असावी लागते. दाणा कणकेने काठीच्या टोकाला चिकटवला, टेपने अंतर मोजून काठी बांधावर रोवली आणि एकेकाने उभे राहून पाहिले. तेवढ्या दाण्याच्या आड १०,००० दीर्घिका! सगळे आकाश झाकायला असे एक कोटीहून अधिक दाणे लागतील. मामांनीही एक डोळा मिटून पाहिले आणि बराच वेळ काठीपासून हलले नाहीत.

अंधार पडल्यावर उत्तरेकडे उंचावर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी, फुंकर मारून पसरवल्यासारखी दिसली. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे आणि आपल्या कामाच्या हिशेबात ती अगदी अंगणातली आहे. सव्वानऊच्या सुमारास अश्मंत दक्षिणेला आपल्या सर्वोच्च जागी आले, मृगाच्या उजवीकडे, क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर. तिथे डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही आणि नेमकी याच कारणासाठी ती जागा निवडली गेली, कारण आपल्या आकाशगंगेतले तारे आणि धूळ तिथे कमीत कमी आड येतात.

वेबचे पहिले खोल चित्र, जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एसएमएसीएस ०७२३ हा दीर्घिकासमूह, इथून दिसेल का, असे एकीने विचारले. वहीत हिशेब केला. तो समूह विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेत्र्याहत्तर अंशांच्या जवळ आहे आणि आपण १७.७ अंश उत्तरेला. म्हणजे तो सर्वांत वर येतो तेव्हाही सोलापूरच्या क्षितिजाखाली जेमतेम एक अंश राहतो. एवढ्याशा फरकाने तो आपल्याला कधीच दिसत नाही, याची हळहळ मलाही वाटली.

७ जानेवारी २०२५

वीज दोनदा गेली. हबल आणि वेबच्या तुकड्यांचे चित्रबिंदू वेगवेगळ्या मापाचे असल्याने दोन्ही एकमेकांवर बसत नव्हते. तीन तारे खुणेसाठी धरून ते जुळवले. जुळल्यावर पहिल्याच नजरेत काय दिसले ते लिहून ठेवते. हबलच्या निळ्या फिल्टरमध्ये तुटक गुठळ्यांसारखी दिसणारी एक दीर्घिका वेबच्या २ मायक्रॉनच्या चित्रात सलग, गोलसर तबकडी झाली. ५ डिसेंबरला केलेले गणित असे डोळ्यांसमोर उभे राहिले. ईजीएस-२३२०५ या दीर्घिकेची कथा अशीच आहे. हबलला ती धूसर तबकडी दिसली होती. वेबने तिच्या मध्यातून गेलेला ताऱ्यांचा सरळ दांडा स्पष्ट दाखवला, आणि तो ११ अब्ज वर्षांपूर्वीचा आहे.

११ जानेवारी

सोलापूरची गड्ड्याची यात्रा तोंडावर आहे आणि पुढचा आठवडा कुणीच भेटणार नाही, म्हणून रंगांचा वाद आजच मिटवायचा होता. वाद असा: फाइली कृष्णधवल आहेत, अवरक्त प्रकाशाला तर रंगच नाही, मग प्रसिद्ध झालेल्या चित्रांतले निळे-तांबडे रंग खोटे नाहीत का? बारावीच्या एका विद्यार्थ्याने हा प्रश्न गेले दोन आठवडे लावून धरला होता, आणि तो लावून धरण्यासारखाच आहे.

उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले. गटातल्या एका मुलीचे वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात जकार्ड मागावर चादरी विणतात. तिने आम्हा सर्वांना तिथे नेले. मागावर छिद्रे पाडलेल्या कार्डांची माळ फिरत होती. छिद्र असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो, आणि मधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. वडिलांनी एक कार्ड काढून तिच्या हातात दिले. ते घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मात्र अस्सल सोलापुरी मराठीत म्हणाले, “कार्डाला रंग कळत नाही, मॅडम. धागा उचलायचा की नाही, एवढंच त्याला कळतं. रंग आपण कांडीत भरायचा.” शेजारच्या दोन मागांवर एकाच नक्षीच्या दोन चादरी चालू होत्या, एक मरून आणि एक हिरवी. मोर मात्र दोन्हींवर तोच, तसाच.

परत येताना रिक्षात चर्चा सुरू झाली. फिल्टरची फाइल म्हणजे ते कार्ड: नक्षी खरी आहे, मोजलेली आहे, आणि रंग नंतर भरलेला आहे. पण मग कांडीत कोणताही रंग भरला तरी चालेल का, हा पुढचा प्रश्न त्याच मुलीने विचारला. इथे मागाची उपमा संपते. चादरीचा रंग मालकाच्या पसंतीचा असतो. दुर्बिणीच्या चित्रात क्रम पाळावा लागतो. सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा, मधलीला हिरवा, सर्वांत लांब तरंगलांबीला तांबडा. आपला डोळाही दृश्य प्रकाशाच्या बाबतीत हाच क्रम पाळतो. त्यामुळे चित्रात जी दीर्घिका तांबडी दिसते ती खरोखरच इतरांपेक्षा लांब तरंगलांबीला अधिक उजळ असते. गाणे वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत घेतले तरी चाल बदलत नाही, तसे हे आहे. प्रश्न लावून धरणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक चित्राखाली कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला ते लिहायचेच, अशी अट घातली आणि ती सर्वांनी मान्य केली.

२३ जानेवारी

ज्या ठिपक्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो आज सापडला.

जेएडीईएस-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका हबलच्या अतिखोल चित्राच्या चौकटीच्या थोडी बाहेर, पण अश्मंतातल्या त्याच परिसरात आहे. मे २०२४ मध्ये जाहीर झाले तेव्हा तिची ताम्रसृती १४.३२ असल्याचे सांगितले गेले आणि ती तोवरची सर्वांत दूरची ज्ञात दीर्घिका ठरली. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय सुमारे ३० कोटी वर्षे होते. आज ते १३.८ अब्ज वर्षे आहे.

प्रसिद्ध झालेल्या स्थानानुसार तुकडा उतरवला आणि फिल्टर एकामागून एक, लांब तरंगलांबीकडून आखूडकडे पाहत आलो. ४.४४ मायक्रॉनला एका ठळक दीर्घिकेला जवळजवळ चिकटून पाच-सहा चित्रबिंदूंचा लहानसा डाग होता. ३.५६ मायक्रॉनला होता. २.७७ ला होता. २ मायक्रॉनला तो फिकट झाला. १.५ मायक्रॉनची चौकट उघडली आणि तो नव्हता. शेजारची दीर्घिका जागच्या जागी होती, भोवतालचे सगळे काही होते. फक्त त्या जागी पार्श्वभूमीची वाळू तेवढी होती. १.१५ ला नाही, ०.९ ला नाही, हबलच्या तर एकाही दृश्य फिल्टरमध्ये नाही. दोन चौकटी आलटूनपालटून दाखवायला सांगितल्या. ठिपका येई आणि जाई. खोलीत कुणी बोलत नव्हते. दहा-बारा वेळा तेच पाहिल्यावर एकाने उठून भिंतीवरच्या पट्टीवर १.५ आणि २ यांच्या मध्ये खडूने रेघ मारली.

त्या रेघेचे कारण असे. त्या काळात अवकाशात हायड्रोजनचे उदासीन अणू भरलेले होते आणि ते १२१.६ नॅनोमीटरहून आखूड प्रकाश गिळून टाकत. ही सीमा ताणली जाऊन आपल्याकडे येते. मुलांनी १२१.६ ला १५.३२ ने (ताम्रसृती अधिक एक) गुणले: १,८६३ नॅनोमीटर, म्हणजे १.८६ मायक्रॉन. १.५ चा फिल्टर पूर्णपणे सीमेच्या अलीकडे, म्हणून कोरा. २ चा फिल्टर सीमेवर बसलेला, म्हणून फिकट. खडूची रेघ आणि गणित एकाच जागी आले.

नोव्हेंबरच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे, असे मला वाटते. हबलने या जागेकडे पुरेसा वेळ पाहिले नाही किंवा त्याचा कॅमेरा कच्चा पडला, असे नाही. दृश्य प्रकाशात या दीर्घिकेकडून आपल्याकडे काही येतच नाही, आणि १.७ मायक्रॉनपाशी थांबणाऱ्या हबलच्या अवरक्त कॅमेऱ्याच्या हातूनही ती सीमा थोडक्यात निसटते.

५ फेब्रुवारी

उत्साह थोडा आवरता घेतला. ठिपका आखूड तरंगलांबीत नाहीसा झाला म्हणजे तो अतिदूरच असतो, हे खरे नाही. जवळच्या पण धुळीने भरलेल्या दीर्घिकाही आखूड प्रकाशात झाकल्या जातात. सीईईआरएस-९३३१६ या दीर्घिकेची ताम्रसृती २०२२ मध्ये फिल्टरवरून १६ च्या आसपास वाटली होती. पुढे वर्णपट घेतल्यावर ती ४.९ निघाली. धूळ आणि काही तीव्र उत्सर्जन रेषा अशा जुळून आल्या होत्या की फिल्टर फसले.

आमच्या ठिपक्याबाबत संशोधकांनाही हीच धास्ती होती, कारण तो बराच उजळ आहे आणि त्याला चिकटलेली दीर्घिका पुष्कळ जवळची आहे. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये वेबच्या वर्णपटमापीने त्याच्यावर जवळपास दहा तास निरीक्षण केले. वर्णपटात ती सीमा स्पष्ट उतरली तेव्हाच घोषणा झाली. शिवाय तो प्रकाश १,६०० प्रकाशवर्षांहून अधिक रुंदीत पसरलेला आढळला. त्यावरून तो मुख्यतः ताऱ्यांचा आहे, मध्यभागी एखाद्या महाकाय कृष्णविवराभोवती उजळलेल्या वायूचा नव्हे, हे लक्षात आले. तक्त्यावर “आम्ही शोधले” असे लिहिले होते, ते बदलून “आम्ही पडताळून पाहिले” असे केले.

१८ फेब्रुवारी

एक तक्ता वाढवला आणि तो वाढवल्याचे समाधान आहे. अश्मंतातल्या याच हबलच्या तुकड्याकडे आपल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहानेही ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तासांहून अधिक काळ पाहिले होते, आणि तेही उलट्या टोकाने, अतिनील प्रकाशात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील डॉ. कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरील एयूडीएफएस०१ या दीर्घिकेकडून आलेले तीव्र अतिनील किरण त्यात ओळखले आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते जाहीर केले. तिची ताम्रसृती १.४२, मुळात सुमारे ६० नॅनोमीटरचा प्रकाश ताणून १४५ झाला, तरीही अतिनीलच राहिला. उदासीन हायड्रोजनचे धुके कशाने विरत गेले असेल, हे समजायला अशा दीर्घिका कामी येतात.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन सकाळी नऊला उघडले. ज्वारीचा दाणा लावलेली काठी दालनाच्या दाराशी, साडेचार मीटरवर पट्टी आखून ठेवली होती, आणि दिवसभर तिथेच सर्वांत जास्त गर्दी होती. दोन चौकटी आलटूनपालटून दाखवणाऱ्या संगणकापाशी मुलांनी पाळीपाळीने उभे राहून समजावले.

पूर्वी कापडगिरणीत काम केलेले एक आजोबा बराच वेळ थांबले. त्यांनी विचारले, “तो तांबडा आहे म्हणून लांब आहे, असं म्हणताय का? तांबडं तर जवळचंही काही असू शकतं.” जकार्ड मागावर नेणारी आमची मुलगी तिथे होती. तिने सांगितले, “नाही आजोबा, तांबडेपणावरून नाही. तो कुठून पुढे दिसेनासा होतो, त्या जागेवरून मोजायचं, आणि तेवढ्यानेही न भागलं तर वर्णपट घ्यायचा.” आजोबांनी तिच्याकडून तो गुणाकार कागदावर करून घेतला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

२२ मार्च

प्रकल्प संपला असे समजून वही कपाटात ठेवली होती, ती आज पुन्हा काढावी लागली. चिलीतील अटाकामा वाळवंटात सुमारे पाच हजार मीटर उंचीवर असलेल्या आल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून आमच्याच ठिपक्यात ऑक्सिजन सापडल्याची बातमी परवा, २० मार्चला जाहीर झाली. दोन स्वतंत्र गटांनी तो ओळखला आहे. विश्व ३० कोटी वर्षांचेही झालेले नसताना ताऱ्यांची एखादी पिढी जगून, आपल्या पोटात घडवलेले ऑक्सिजन बाहेर टाकून मोकळी झाली होती. ऑक्सिजनची ही रेषा मुळात ८८ मायक्रॉनची; इतक्या अंतरावरून ती १.३४ मिलिमीटरची होऊन पोहोचली, म्हणजे अवरक्ताच्याही पुढे, जिथे वेबची नजर जात नाही.

या रेषेवरून ताम्रसृतीही अधिक अचूक मिळाली: १४.३२ ऐवजी १४.१८. परीक्षा संपवून दोन विद्यार्थी दुपारी आले. गुणाकार नव्याने केला, सीमा १.८६ ऐवजी १.८५ मायक्रॉनवर आली, खडूच्या रेघेच्या जाडीतच बसली. व्हरांड्यात लावलेल्या तक्त्यावरचा जुना आकडा त्यांनी खोडला नाही. त्याच्या खाली पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून नवा आकडा आणि आजची तारीख लिहिली, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी पट्टीखाली दोन बोटे जागा कोरी ठेवली.